कंपनीचे डोळे

कुणालची कोरी गाडी मागे मागे सरकत खळ्याच्या कडेला आली आणि किंचाळली. मागे काहीच नव्हतं. सारवलेलं रिकामं खळं आणि त्यावर वडपे गावातलं दुपारचं ऊन.

"बघ," ओट्यावरून दाजी म्हणाले, "मधी मेढ उभी हाय म्हनून सांगत होतो ना? आपल्याला दिसत न्हाय, गाडीला दिसते."

मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. भात मळताना बैल तिच्याभोवती फिरायचे. बैल गेले, मेढ कधीच चुलीत गेली, शेतांवर निळ्या पत्र्यांची गोदामं उभी राहिली. उरलं होतं ते एवढं खळं, आणि तेही बघायला गोदामवाले शेठ आज येणार होते. नातू कुणाल खळं त्यांना विकून टाकायला निघाला होता. दाजींना द्यायचं नव्हतं. पण घरात दाजींच्या नुसत्या 'न्हाय'ला आता कोण विचारतो? म्हणून त्यांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं होतं: थाप.

कामवारी नदीच्या पुरात म्हशीच्या पाठीवर बसून ठाण्याला जाऊन आलेला हा माणूस. म्हैस तिकडे चहा प्यायली, असंही सांगायचा. पण ही थाप त्यांनी अंगठ्याने घडवली होती. कुणालच्या गाडीला मागचे सेन्सर कंपनीतून आले नव्हते, त्याने ते भिवंडीतून बसवून आणले होते. बंपरला चार भोकं आणि भोकांत चार काळे डोळे. बसवणाऱ्याने बजावलं होतं, यांना दाबू नका, खाली वळले तर जमिनीलाच बघून ओरडतील. ते शेजारी उभ्या दाजींनी बरोबर ऐकलं. सकाळी गाडीला हार घालता घालता त्यांनी चारही डोळे हळूच खाली दाबले. खळं अंगणाहून चार बोटं उंच. गाडी कडेला आली की डोळ्यांना जमीन दिसायची आणि गाडी बोंबलायची.

"दाजी मारतो थापा," शेजारचा नामा हळू आवाजात म्हणाला, "पन गाडी कशाला मारंल?"

कुणाल गाडीतून उतरला. "बाहेरचा माल हाय, नामाकाका. चुकतो. शेठच्या गाडीला कंपनीचे सेन्सर हायत, ते फसत न्हाईत. दाजी, ती गाडी आनू खळ्यात. ओरडली, तर खळ्याचं नाव पुन्हा कोन काढनार न्हाय. गप राहिली, तर तू आजच हो म्हनायचं. चालंल?"

सगळा ओटा दाजींकडे बघू लागला. नाही म्हणावं तर थाप उघडी पडते.

"चालंल," दाजी म्हणाले.

शेठ आले, त्यांना पैज कळली, ते पोट धरून हसले. "ले लो पीछे," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. लांबलचक चंदेरी गाडी आवाज न करता मागे येऊ लागली. चाकं खळ्याची कड चढली. गाडी गप्प. कुणालने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान खाली घातली. आयुष्यात बाकी कुठली पचली नसती तरी चाललं असतं, पण आजची ही थाप पचायला हवी होती.

ओट्याच्या कोपऱ्यात आक्का, दाजींची बायको, सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. तिने वर पाहिलंही नाही.

गाडी खळ्याच्या मध्याकडे आली. टिक. मग जरा थांबून टिक, टिक. मग घाईने, आणि मग सलग एकच लांब सूर.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. उतरून मागे गेला, हवेत हात फिरवला. "कुछ भी नहीं है, सेठ."

गाडी पुढे नेली, गप्प. मागे आणली, त्याच जागी सूर. शेठनी रुमालाने डोळे पुसले, स्वतः स्टिअरिंगवर बसले, दुसऱ्या अंगाने गाडी आणली. तिकडूनही तेच. जिथे मेढ होती तिथून हातभर अलीकडे गाडी रडायची आणि पुढे घेतली की शांत व्हायची. हायवेवरून ट्रक जात होते, तेवढाच आवाज. नामाने कधी हात जोडले ते त्यालाही कळलं नाही.

"त्या मान्साला सांगा," आक्का सोड्यांतला कचरा काढत म्हणाली, "मेढीपाशी बूट घालून जात न्हाईत."

ड्रायव्हर बूट हातात घेऊन खळ्याबाहेर आला. शेठ हसत नव्हते. दुसरी जागा बघतो, एवढंच म्हणाले आणि गाडीची काच वर केली.

कुणाल दाजींच्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दाजी, तुझं खरं निघालं."

"माझं?" दाजी खळ्याच्या मधोमध बघत होते. "माझं कसं रे खरं निघंल?"

म्हातारा मोठेपणा घेत नाही, असं सगळ्यांना वाटलं. एरवी एका गोष्टीला तीन शेपट्या जोडणारा माणूस, पण आज त्याच्याकडे एकही शेपटी नव्हती.

दाजी ओट्यावरून उतरले. खळ्याच्या कडेला चपला काढल्या आणि पलीकडच्या आंब्याकडे सरळ चालू लागले. मधोमध येताच थबकले. हात पुढे करायला उचलला, आणि तसाच मागे घेतला. मग खांदा तिरका करून, बैल वळतो तसे, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून पलीकडे गेले.