रजनीचा गुडघा

हृदयात स्टेंट बसला तरी अविनाशचं हाफ मॅरेथॉनचं खूळ काही गेलं नाही. थोडं पळा, थोडं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सकाळी कॅनॉल रोडवर त्याच्या बँकेतली गुजराती माणसं भेटायची आणि त्यांच्यासमोर चालायची त्याला लाज वाटायची. शेवटी आपला धडधाकट गुडघा धरून रजनीच म्हणाली, "अहो, मला सलग पळवत नाही. तीन मिनिटं पळू, एक मिनिट चालू, चालेल?"

बायकोसाठी तो लगेच तयार झाला. "शुं अविनाशभाई, थाकी गया?" असं कुणी विचारलं, की छाती फुगवून तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवायचा, "ना रे, आना घूंटण दुखे छे." रजनी गुडघा चोळायची.

रविवारी तिला जाग आली तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. गजर कुणीतरी बंद केला होता. उशीजवळ नवी कोरी नी-कॅप होती, आणि मोबाईलवर त्याचा मेसेज.



"तुझ्या गुडघ्याला आज सुट्टी. मी एकटाच निघालोय, आता कुठेही न थांबता एकवीस किलोमीटर पुरे करूनच येतो."