उजवीकडचा गोटू

सोनोग्राफीचा प्रोब पोटाला टेकायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी उजवीकडे बघा. आमचा गोटू तिकडेच असतो."

टेबलावर आडवी झालेली धाकटी सून छताकडे बघत राहिली. नवरा बाहेर बाकावर. आत एकालाच सोडतात. त्याला बसवून धाकटीने हट्टाने सासूबाईंना आत आणलं होतं.

विसावा आठवडा. (आधी किडनी बदलली; मामेबहिणीने दिली, असं सासूबाईंना सांगितलं होतं. मग दोन वर्षं डॉक्टर नुसते 'थांबा' म्हणत होते. मग टेस्ट ट्यूब, दोनदा फसलेली. ही तिसरी खेप.)

प्रोब उजवीकडे.

"इथे म्हणताय, आजी?"

"तिथेच. रोज सकाळी हात ठेवते ना मी. टणक लागतं ते डोकं. मी बोलले की हलतो."

"हलतो?"

"म्हणजे काय. आजीला ओळखतो तो."

(रोज सकाळी. पहिल्या दिवशी धाकटी म्हणणार होती, आई, ते बाळ नाही. शब्द ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि त्यानंतर तीन महिने रोज पोट पुढे केलं. सासूबाई तळहात चोळून गरम करायच्या. गोटूला काल काय खाल्लंस विचारायच्या. गाल टेकायच्या. परवा तर पापा घेतला.

दुपारी धाकटीने ते फोनवर थोरलीला सांगितलं. थोरली इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हळूच विचारलं, नेमका कुठे?

थोरली म्हणजे या घरातली मोठी सून. होती. आठ वर्षांत मूल झालं नाही, म्हणून तिची बॅग भरून जिन्यात ठेवण्यात आली. त्याच्या आदल्या दिवशी शेजारणीचं बाळ रडत होतं म्हणून तिने उचललं होतं. सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, "तुझा हात नको लागायला लेकराला.")

"आजी, ही किडनी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बदललेली किडनी अशी पुढे बसवतात, ओटीपोटात. हाताला लागते ती हीच. आणि हलतात ते रक्ताचे ठोके."

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं.

"अगं बाई. म्हणजे तीन महिने मी तुझ्या त्या मामेबहिणीचे लाड करतेय? आणि तू बोलली नाहीस ती."

"मामेबहिणीची नाही, आई."

"मग कुणाची?"

"थोरलीची."

प्रोब थांबला. मशीन घुं करत राहिलं.

"किडनी जुळते का बघायला तुमच्या मुलाला बोलावलं होतं," धाकटी म्हणाली. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा. "तुम्ही म्हणालात, माझ्या लेकाला मी चिरू देणार नाही. त्या संध्याकाळी ती हॉस्पिटलात आली. बोलावलं नव्हतं कुणी."

"त्याला माहितीये हे?"

"कागदांवर सही त्याचीच आहे. बाहेर बसलाय, विचारा."

सासूबाई दाराकडे वळल्या नाहीत.

प्रोब डावीकडे. डॉक्टरांनी आपण काही ऐकलंच नाही अशा आवाजात सांगितलं, "हे बघा बाळ. ठोके छान आहेत." मग जरा मध्ये सरकवत, "झोपलंय. किडनीलाच पाठ टेकून झोपलंय बघा."

करडं, धूसर चित्र. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची, पण मोठी किडनी, आणि तिला बिलगून मणक्याची बारीक माळ.

धाकटीने सासूबाईंचं मनगट धरलं. त्यांचा तळहात ओढून नेहमीच्या जागी ठेवला, जेलने बरबटलेल्या पोटावर, उजवीकडे.

"तेव्हा तिच्या हातातून लेकरू काढून घेतलं होतंत ना, आई?" ती म्हणाली. "आताही घ्या."

तपासणी संपली. डॉक्टरांनी दोघींना टिश्यूचे कागद दिले. धाकटीने पोट पुसलं, कपडे सारखे केले, चपला शोधल्या. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, ओला हात अंगापासून लांब धरून. कागद दुसऱ्या हातात तसाच होता, कोरडा.