शेजारची सीट

एकवीरेचं दर्शन झालं आणि नवी व्हॅन धुळ्याहून परत निघाली.

"आबा, बठ्ठं घर बसी गयं!" थोरला मुलगा पंडित गाडी चालवता चालवता म्हणाला.

शेजारी बसलेल्या सुकदेव आबांनी मान डोलावली. खोटं नव्हतं, सगळं घर एका गाडीत मावलं होतं. जुन्या मारुतीला एवढ्या माणसांच्या दोन खेपा झाल्या असत्या. हिचं दार नुसतं सरकवलं की उघडत होतं, आत टेप वाजत होता, नातवंडं पाय पसरून झोपली होती.

आबांनी मागे वळून पाहिलं. शेवटच्या सीटवर धाकट्या सुनेला खेटून त्यांची बायको वच्छलाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, नजर खाली.

"पाय अवघडनात का?" आबांनी विचारलं.

टेपच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. थोरली सूनच म्हणाली, "आत्याबाई बऱ्या शेतस."

दुसऱ्या दिवशी जुनी मारुती विकत न्यायला चाळीसगावचं गिऱ्हाईक येणार होतं. आबांनी सकाळीच मारुती बाहेर काढली आणि बायकोला हाक मारली, "चल, वावरमा चक्कर मारी येऊत."

वच्छलाबाई नेहमीसारख्या पुढे, त्यांच्या शेजारी बसल्या. गावातली शेवटची घरं मागे पडली तशी त्यांनी काच खाली केली, पदर खांद्यावर सोडला, एक पाय सीटवर घेतला आणि बोलायला लागल्या. आधी सासूपुढे आणि आता सुनांपुढे मोजकंच बोलणारी ही बाई मारुतीत बसली की थांबायची नाही. बाजार असो, लग्न असो, दवाखाना असो, घरातलं खरं काय ते आबांना इथेच कळायचं.

"आयका ना. धाकलीले दिन गया शेतस. काल व्हॅनमा तिनी मन्हा कानमा सांगं."

"मंग माले तठेच का नही सांगं?"

वच्छलाबाई खळखळून हसल्या. "तठे? बठ्ठासना समोर?"

आबाही हसले. शेताकडे वळणारा फाटा कधी मागे गेला, दोघांनाही कळलं नाही.

परत येताना घर दिसू लागलं. दारात पंडितबरोबर एक अनोळखी माणूस उभा होता. वच्छलाबाईंचं बोलणं अर्ध्यावरच तुटलं. हात पदराकडे गेला.

आबांनी ब्रेक दाबला. तिथेच, रस्त्यात, गाडी वळवली.

"अहो, गिऱ्हाईक उभं शे ना!"

"चहा पिसनी चालना जाई," आबा गिअर टाकत म्हणाले. "तू फुडे सांग."