चराची बाजू

“लेम्पीला मोठं यंत्र घेऊ देऊ नकोस. उतारावर ते तिला ओढत खाली नेईल.” शेवटच्या आठवड्यात रेइनो पाणीसुद्धा चमच्यानं घ्यायचा, पण एवढं सांगायला त्यानं धाकट्या भावाचं मनगट घट्ट धरलं होतं.

आता ऑक्टोबर सरत आला होता आणि आर्वो लेम्पीवहिनीला घेऊन बर्नीसच्या दुकानात, बर्फ उडवायच्या यंत्रांपुढे उभा होता. बाहेर सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला होता. लेम्पी बाकावर टेकली होती. डोक्याचा रुमाल तिनं सोडला नव्हता. डोळे मिटून ती क्षणभर थांबली. दुकानातही ती देवाला विचारूनच कशालाही हात लावायची.

“तुमच्या घरच्या त्या चढणीचं मला सांगू नका,” बर्नीस म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात वॉल्टर बर्फ ढकलायला गेला आणि वळणावर गाडीसकट वाटेकडेच्या चरात बसला. त्याची बायको अजून मलाच बोलते. जसं काही वळण मीच घातलं.”

“वळणाला कशाला नावं ठेवायची?” लेम्पी म्हणाली. “वॉल्टर दुपारपासूनच प्यायलेला असतो.”

“काही का असेना, आता तो वर यायचा नाही. तेव्हा हे मोठं घ्या. लोखंडी दातांचं. जमिनीपासून दोन बोटं वर चालतं, खाली खडी असली तरी तिला शिवत नाही.”

लेम्पी उठली. यंत्राच्या मुठी तिच्या छातीपर्यंत येत होत्या. तिनं किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि होती तशी ठेवली.

“एवढ्यात रेइनोला दोनदा पुरता आला असता,” ती म्हणाली.

आर्वोला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

“मग हे लहान,” बर्नीस पुढे सरकली. “रबरी पात्यांचं. हलकं आहे, परवडेल. पण हे जमीन खरवडत चालतं. तुमच्या वाटेवर नेलंत तर पहिल्याच फेरीत खडी उडेल आणि स्वयंपाकघराची काच जाईल. डांबरी वाट असते ना, त्या लोकांचं आहे हे.”

लेम्पी पुन्हा बाकावर बसली. मिनियापोलिसहून मुलगी दर रविवारी फोनवर एकच सांगायची: चढण बंद म्हणून घर तापवायच्या तेलाची गाडी एकदा जरी खालून परत गेली, तर आई, घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. लेम्पी नुसतं हूं म्हणायची. भांडायची ताकद उन्हाळ्यात, रेइनोच्या उशाशी संपली होती.

आर्वोनं दोन्ही यंत्रांकडे पाहिलं. मोठं परवडत नव्हतं, आणि परवडलं असतं तरी भावाचा शब्द मोडला असता. लहान घ्यावं तर ही खडी. त्यालाही बसावंसं वाटलं, पण बाक एकच होता.

“तुझी आई पहिला बर्फ काढूच द्यायची नाही,” लेम्पी मध्येच म्हणाली. “तुडवायला लावायची.”

“हो. दाबून दाबून. रात्रीत गोठला की खडीवर फरशी तयार. मग वसंतापर्यंत वरवरचा तेवढा काढायचा.”

“आणि पाय घसरू नये म्हणून सौनाच्या न्हाणीतल्या चुलीतली राख.”

बर्नीसनं लहान यंत्राची मूठ हलवून पाहिली. “फरशी असेल तर हे चालेल,” ती म्हणाली. “पण एवढी वाट तुडवणार कोण? माझ्याकडे बघू नका. माझे गुडघे इथं उभं राहण्यातच खर्ची पडलेत.”

“आम्ही दोघं तुडवायचो,” लेम्पी म्हणाली. “तो चराच्या बाजूनं, मी टेकडीच्या बाजूनं. एकट्याचं काम नाही ते. अर्ध्यातच दम जातो.”

“चराची बाजू माझी,” आर्वो म्हणाला.

“आणि तुझी कंबर?”

“तिला विचारलं. नाही म्हणाली. तिचं मी कधी ऐकलंय?”

लेम्पी हसली नाही. “शब्द द्यायचा तर नीट दे, आर्वो. ऐन वेळी कारणं सांगू नकोस. मला आता कुणाची कारणं ऐकवत नाहीत.”

“दिला.”

लहान यंत्र दोघांनी उचलून गाडीत घातलं.

बर्फ नोव्हेंबरात, एका रविवारी पहाटे आला. आर्वो उठला तेव्हा खिडकी पांढरी झाली होती. कंबर लाकडासारखी झाली होती. हातात मोजे घेऊन तो बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिला. फोन वाजला नाही. लेम्पी बोलवणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. मग त्यानं वाकून मोजे चढवले, कॉफी न ओतताच चूल बंद केली आणि रस्ता ओलांडून चढणीच्या पायथ्याशी आला.

टेकडीच्या बाजूची अर्धी वाट तुडवून झाली होती. लहान पावलं, एकाला एक चिकटून, वर गेलेली, खाली आलेली, पुन्हा वर गेलेली. एके ठिकाणी लेम्पी घसरली असावी. तिथं बर्फात तिच्या पंजाचा ठसा होता, तोही टेकडीच्याच बाजूला. वर वळणापाशी तिचा रुमाल हलताना दिसत होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

चराच्या बाजूच्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

आर्वोनं टोपी कानांवर ओढली, हाक मारली नाही, आणि त्या कोऱ्या अर्ध्यात पाय ठेवला.