पुसण्यापूर्वी

सकाळी एआय एजंटने ग्राहकाचा अख्खा करार उडवला, कारण एजंट जे वाचून फाईल पुसायची की नाही ते ठरवतो, ते टूलचं वर्णन शाल्मलीने एवढंच लिहिलं होतं: "नको असलेली फाईल पुसते." चारच्या चाचणीत पुन्हा घोळ झाला तर तिची नोकरी जाणार होती.

"नको म्हणजे कुणाला नको, सूनबाई?" घरून काम करणाऱ्या शाल्मलीच्या लॅपटॉपमध्ये डोकावत सासऱ्यांनी विचारलं. तहसील कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये तीस वर्षांत त्यांनी एक कागद गहाळ होऊ दिला नव्हता. "सरक जरा, मी लिहितो."

त्यांनी लिहिलं: "पुसण्यापूर्वी कारण नोंदवावे व वरिष्ठांची मंजुरी घ्यावी. तोवर फाईलला हात लावू नये."

चारला व्हिडिओ कॉलवर साहेबांनी एजंटला मुद्दाम कामाचीच फाईल पुसायला सांगितली. एजंटचं उत्तर आलं: "सदर फाईल पुसण्याबाबत नवी फाईल उघडली आहे. सोमवारी चौकशी करावी."

फाईल जागच्या जागी होती, आणि शाल्मलीची नोकरीही.