सगळे फोटो उजळ

“तुमचा तारा तर ठणठणीत दिसतोय की!” अध्यक्ष म्हणाले, आणि समितीतले बाकीचेही हसले.

भिंतीवरच्या पडद्यावर गेल्या काही वर्षांचे फोटो ओळीनं लागले होते. प्रत्येकात तोच तारा, तसाच लख्ख. तो विझत चाललाय, हे पटवायला ती उभी होती. पटलं तर संशोधकाची नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीला घरी. मोजमापांचा तक्ता तिनं प्रत्येकापुढे ठेवला होता. अध्यक्षांनी तो बाजूला सारला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? डोळ्यांना दिसू दे.”

दिसणार कसं? फोटो दाखवणारं साधन तिच्या नवऱ्यानं बनवलेलं. ब्राउझर उघडा, की आकाश हजर! संस्थेनं ते घ्यायचं की नाही, हेही आजच ठरणार होतं. पण हे साधन प्रत्येक फोटो आपणहून उजळ करायचं, फोटोवाला झाडून सगळ्यांना गोरं करतो तसं. मग मरायला टेकलेला ताराही झळकणारच.

“अरे, हे आपोआप उजळणं बंद करणारं बटण दाब ना,” ती नवऱ्याला म्हणाली. तो माऊस धरून शेजारीच बसला होता.

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. “असं बटण आहे?”

“नाही सर,” नवरा म्हणाला.

पडद्यावर खरंच नव्हतं. तिनं कोपरान् कोपरा धुंडाळला. परवा घरी तेच बटण दाबून तिनं तारा विझताना पाहिला होता. आता मात्र तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळला. ती चाचरली, आणि तिथंच सगळं संपलं.

तिची नोकरी गेली. त्याचं साधन मंजूर झालं. टाळ्या वाजल्या, तेव्हा तिनंही वाजवल्या. नवऱ्याचं कौतुक चाललेलं, न वाजवून करते काय? आतून नुसता जळफळाट होत होता.

जिन्यात तिनं त्याला गाठलं. “बटण कुठं गेलं रे?”

“सकाळी काढलं. ते दाबलं की तुझे शेवटचे सगळे फोटो काळेठिक्कर दिसतात. समितीला वाटलं असतं, साधनच बिघडलंय. मंजुरी हातची गेली असती.” त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. “चिडू नकोस गं. उद्या परत लावतो.”