कानाशी वाकणारं यंत्र

काचेच्या पेटीत नुकती जन्मलेली नात होती आणि सोनोग्राफीने तिच्या मनगटातली केसाएवढी शीर शोधणारा यांत्रिक हात होता. बाहेर तिची आजी, निवृत्त डॉक्टर हेमलता नाबर, उभ्या होत्या. बाळांना सलाइनची सुई माणसांनी टोचणं आता बंद झालं होतं. यंत्र हे काम बाईंच्याच जुन्या चित्रफिती बघून शिकलं होतं.

शीर सापडली. मग यंत्र सुई तशीच धरून बाळाच्या कानाशी वाकलं आणि गप्प थांबलं.

"आई, बिघडलं का गं ते?" शेजारी उभ्या लेकीने, केतकीने, विचारलं.

"नाही. माझी नक्कल करतंय."

टोचण्याआधी बाई बारशातल्या आत्यासारखं बाळाच्या कानात 'कुर्र' करायच्या. बाळ ऐकत राहायचं आणि तेवढ्यात सुई आत जायची. यंत्राच्या कंपनीने चित्रफितींतला आवाज गोंगाट म्हणून काढून टाकला. वाकणंही काढून पाहिलं, तर सुया चुकायला लागल्या. म्हणून ते ठेवलं. वाकण्याचं कारण विचारायला आलेल्या इंजिनिअरला बाईंनीच लाजून सांगितलं होतं, "ती आपली माझी एक सवय."

"मग आता तू कर ना," केतकी म्हणाली.

बाई काचेशी वाकल्या आणि त्यांनी 'कुर्र' केलं. काच उत्तम प्रतीची होती, आत जंतूसुद्धा जात नसत.

यंत्र सरळ झालं. सुई पहिल्याच खेपेला बसली, अगदी बाईंसारखी. बाळ रडत असावं; तोंड तरी तसंच उघडलं होतं.